अकरा नंबरचा उजेड

४ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकाल, म्हणून वरचा पत्ता शाळेतल्या कारकुनाकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहे तर वाचा. ‘तुम्ही’ लिहिताना मात्र हात अडखळतो. ज्याचा शेंबूड पुसला, बुटांच्या नाड्या बांधल्या, त्याला कुठवर अहो-जाहो करणार? तू म्हणते.

तुझ्या आता मोठमोठ्या ओळखी झाल्या, म्हणून आठवण करून देते. मी तुझी थोरली बहीण. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या विभागात लहान मुलांच्या काळोख्या खोलीची इन्चार्ज होते. सध्या एका शाळेत फुटलेल्या गुडघ्यांना पट्ट्या लावते. पोरं बरी आहेत, रडतात आणि विसरतात. मला ते जमत नाही.

तुझ्या नव्या चाचणीचा मसुदा माझ्या हाती आला आहे. कसा आला ते विचारू नकोस, वॉर्डातल्या बायका एकमेकींना टाकत नाहीत. दोनशे मुलं, नऊ हॉस्पिटलं, वर तुझं नाव ठळक अक्षरात. सगळं वाचलं. ऑपरेशनच्या तीन तास आधी मुलाला ते आंबट औषध पाजायचं, मग कवटी उघडून निळा दिवा लावला की मेंदूतली गाठ गुलाबी चमकते, म्हणजे कुठवर कापायचं ते डोळ्यांना दिसतं. मोठ्यांना हे कधीपासून देतात. मुलांना ते सोसतं की नाही, एवढंच आपण पहिल्या चाचणीत बघत होतो. औषध अंगात असेपर्यंत कातडी उजेडाने भाजते, म्हणून मुलाला अठ्ठेचाळीस तास काळोखात ठेवायचं. हे सगळं तू छान सोपं करून लिहिलं आहेस. लहानपणी निबंधात तुला कधी इतके मार्क नव्हते.

मग पान चौदा. “पहिल्या चाचणीत त्वचेचा त्रास: शून्य. सबब काळोखाची मुदत चोवीस तासांवर आणण्यास हरकत नसावी.”

शून्य! आपण चोवीस मुलं घेतली होती. तुझ्या तक्त्यात तेवीस आहेत. दहा नंबरनंतर एकदम बारा नंबर. अकरा नंबर खाली, मुंगीएवढ्या अक्षरातल्या टिपेत सापडली: “एक रुग्ण परिचारिकेच्या निष्काळजीपणामुळे वगळला.” ती परिचारिका मी.

अकरा नंबर भाजली ती औषध घेतल्यापासून सव्विसाव्या तासाला. तुझ्या नव्या नियमाप्रमाणे सव्विसाव्या तासाला दोनशे मुलांच्या खिडक्या सताड उघड्या असतील. हे तुला कळत नाही असं मी म्हणणार नाही, तू मठ्ठ कधीच नव्हतास.

सुरक्षा समितीची बैठक २० मार्चला आहे. त्याआधी माझं पत्र त्यांच्याकडे जाईल. तुला आगाऊ कळवते आहे ते माया म्हणून नव्हे. मांजर उंदराला लगेच मारत नाही, तेवढंच.

तुझी बहीण

१७ फेब्रुवारी

भाऊराया,

पत्राला उत्तर नाही, पण बायकोला फोन करायला लावलास. दुसऱ्याच्या तोंडून बोलायची तुझी खोड जुनीच. बिचारी म्हणाली, “ताई, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढताय? ह्यांना रात्र रात्र झोप लागत नाही.”

मी म्हटलं, “गोळी पाठवू का?”

“तुम्ही अशा नव्हता हो.”

“नव्हतेच. मला केलं.”

फोन तिने ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला. तिच्याशी माझं वैर नाही. पण तिला तू काय काय सांगून ठेवलं आहेस ते तिच्या बोलण्यावरून कळलं, म्हणून त्या दिवसाचं जसंच्या तसं लिहिते. याची प्रत माझ्याकडे राहील.

तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. खिडकीला काळं जाड कापड, चारी कडांना चिकटपट्टी. दारातून आत आलं की आणखी एक पडदा. भिंतीकडे तोंड केलेला एकच पिवळा दिवा. दर अर्ध्या तासाला मुलाच्या उशीशी उजेड मोजायचं यंत्र धरायचं आणि आकडा वहीत लिहायचा, तो पाचाच्या वर जाता कामा नये. दर अर्ध्या तासाला बोटाचा ऑक्सिजनचा चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावायचा, कारण त्या चिमट्यातल्या इवल्याशा लाल दिव्यानेसुद्धा कातडी भाजू शकते. हा चिमट्याचा नियम तूच केलास असं तू भाषणांतून सांगतोस म्हणे. पाच नंबरच्या मुलाच्या बोटावरचा लाल ठिपका कुणी बघितला होता? मी. तुझ्याकडे धावत कोण आलं होतं? मी. असो. उष्टं खाऊन ढेकर द्यायची तुला सवयच आहे.

अकरा नंबर म्हणजे सहा वर्षांची पोरगी. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, कारण आली त्या दिवशी वॉर्डात गोल गोल फिरून धाडकन पडली. आईला वाटत होतं खेळतेय. तिला खरं तर तोलच सांभाळता येत नव्हता. सकाळी दहाला तिला औषध पाजलं. नाक दाबून एका दमात प्यायली आणि म्हणाली, “बक्षीस काय?” ऑपरेशनला तू पाच तास उभा होतास. गाठ निघाली असं वाटलं, तेव्हा तू निळा दिवा लावून पुन्हा बघितलंस, तर कडेला तांदळाएवढा गुलाबी ठिपका राहिला होता. साध्या उजेडात तो कुणाच्या बापाला दिसला नसता. तोही तू काढलास. तुझं चांगलं ते मी चांगलं म्हणते, मला खोटं बोलायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला तू फोटोवाल्याला घेऊन आलास. संस्थेच्या अहवालाला हसरं मूल हवं होतं. तो म्हणाला, “या अंधारात भूत निघेल, मूल नाही निघणार.” तू माझ्याकडे बघून म्हणालास, “ताई, दोनच मिनिटं. कापड जरा बाजूला.”

मी म्हटलं, “नियम आहे.”

“नियम कुणी केलाय? मीच ना?”

कापड निघालं. दुपारचं ऊन थेट पलंगावर आलं. भिंगरी हसली, फोटोवाल्याने इकडून तिकडून पंचवीस फोटो काढले. दोनाची दहा मिनिटं झाली. मग तुम्ही दोघं गप्पा मारत निघून गेलात. पुढचे आकडे वहीत आहेत: साडेबारा, चार. एक वाजता, चार. बघ जाऊन, वही अजून असेल.

संध्याकाळी तिचा उजवा गाल लाल झाला. रात्री कान आणि उजव्या हाताची पाठ सुजली. सकाळी फोड आले. तू मला कपड्यांच्या खोलीत गाठलंस, तिथे चादरींच्या ढिगाआड. “ताई, फोटोचं कुठे बोलू नकोस. पडदा चुकून उघडा राहिला असं लिहितो. तुला फार तर ताकीद देतील. माझी चाचणी बंद पडेल गं.” मी हो म्हटलं नाही. कागद तू टाइप करूनच आणला होतास. ताकीद कसली, आठवड्याभरात घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. भिंगरीच्या आईने वॉर्डाच्या दारात माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं, आणि तू तिच्या शेजारी उभा राहून मान हलवत होतास.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, भाऊराया. नऊ वर्षं लागली एवढंच.

तुझी बहीण

१ मार्च

मी भिंगरीच्या घरी जाऊन आले.

तक्रारीवर तिच्या आईची सही असली की समितीला ती बाजूला सारता येणार नाही, असा माझा हिशोब. पत्ता जुनाच निघाला. चौथा मजला, लिफ्ट नाही, गुडघ्यांनी मला शिव्या दिल्या. आईने दार अर्धंच उघडलं. गळ्यात शिवणकामाची फीत, तोंडात टाचणी. टाचणी काढून म्हणाली, “तुम्ही? पडदा उघडा ठेवणाऱ्या?”

मी जिन्यातच उभी राहून सगळं सांगितलं. फोटोवाला, दहा मिनिटं, कागद. ती ऐकता ऐकता दाराला टेकली. “डॉक्टरांनी? त्यांनी माझ्या पोरीला जीवदान दिलं हो,” म्हणाली. मी म्हटलं, “दिलं. आणि गालही भाजला. दोन्ही खरं आहे.” मग तिने आत घेतलं.

तू नंतर तो गाल बघितला आहेस का? बघितला नसशील. तपासणीला ती तुझ्या हाताखालच्या डॉक्टरांकडे जाते असं कळलं. डाग फिका आहे, कानापासून नाकापर्यंत. पोरगी आता पंधरा वर्षांची आहे आणि केस त्या बाजूला ओढून घेते. मी तिथे होते तेवढ्यात तिने सात वेळा तरी केस ओढले. हे तुला मुद्दाम कळवते. रात्री झोप लागत नाही ना, तेव्हा मोज.

बाकी ठणठणीत आहे. सायकल चालवते. हात सोडून चालवते म्हणून आईची बोलणी खाते.

तिने मला ओळखलं. “तुम्ही काळोखातल्या सिस्टर ना?” म्हणाली. तिला त्या खोलीतलं बरंच आठवतं. मुलांना नको ते आठवतं. मग थोड्या वेळाने मी निघाले.

आईने सही केली नाही. विचार करते म्हणाली. तिची सही नसली तरी माझं अडत नाही, मी एकटी पुरेशी आहे. समितीला पत्र काल टाकलं.

१० मार्च

छोट्या,

तुझं पाकीट मिळालं. मला वाटलं वकिलाची नोटीस असेल, म्हणून आधी चहा करून घेतला. निघाली समितीला दिलेल्या निवेदनाची प्रत, आणि वर कोपऱ्यात पेन्सिलने एक ओळ: “ताई, माझ्याच हातून झालं. रोज दिसतं.”

निवेदन मी तीनदा वाचलं. “खिडकीचं कापड मी स्वतः काढलं. रुग्णाच्या अंगावर दहा मिनिटं थेट ऊन आलं. त्या वेळी परिचारिका खोलीत नव्हती. तिच्यावर ठेवलेला ठपका खोटा होता आणि तो मी ठेवला.”

खोलीत नव्हते? मग भिंगरीची उशी कोण सावरत होतं? फोटोवाल्याला स्टूल कुणी दिलं? नऊ वर्षांपूर्वी तू मला त्या खोलीत एकटीला अडकवलंस, आणि आता खोलीतूनच काढून टाकलंस. तुला वाटलं ताईवर उपकार होतील. एकदा माझं नाव तुझ्या सोयीने घातलंस, एकदा तुझ्या सोयीने खोडलंस. मला विचारावंसं तुला दोन्ही वेळा वाटलं नाही. आणि मोठेपणाही तुझाच! लोक म्हणतील, केवढा दिलदार माणूस. मी नऊ वर्षं दात धरून बसले ते तुला असा हुतात्मा करायला नाही.

परवा समितीच्या सचिवांचा फोन आला. मऊ बोलणारा माणूस. म्हणाला, “बाई, तुमचं पत्र आणि डॉक्टरांचं निवेदन जुळतंय. दोन्हीत दहा मिनिटंच आहेत. खरं सांगायचं तर आम्ही हादरलोय. सव्विसाव्या तासाला नुसत्या दहा मिनिटांच्या उन्हाने मूल इतकं भाजत असेल, तर मुलांना हे औषध देणंच धोक्याचं आहे. चाचणी कायमची थांबवावी, असं बहुतेकांचं मत पडलंय. तुम्ही वीस तारखेला या आणि दहा मिनिटं बरोबर आहेत एवढी सही करा.”

मी विचारलं, “आणि डॉक्टरांचं?”

“त्यांना पुन्हा असं काम मिळणं कठीण आहे.”

सुंठीवाचून खोकला गेला! मला वाटलं होतं भांडावं लागेल, वकील लागेल, तू नाही नाही म्हणशील. तू तर स्वतःच आपली मान आणून ठेवलीस. मला फक्त एक सही करायची आहे आणि गप्प बसायचं आहे. त्या रात्री मी पोटभर जेवले. भांडी घासताना गुणगुणत होते, शेजारीण विचारायला आली की काय आनंदाची बातमी आहे. मी म्हटलं, “भावाचं पत्र आलं.”

दोनशे मुलांचं काय, असं तुझ्या मनात येत असेल. त्यांच्या गाठींच्या कडेला तांदळाएवढं काही राहिलं तर ते साध्या उजेडात दिसणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण चाचणी मी बंद पाडत नाही. दहा मिनिटं तू लिहिलीस.

वीस तारखेला जाते आणि सही करून येते.

ताई

२१ मार्च

छोट्या,

सही केली नाही.

समितीचा कागद तुला मिळेलच, पण माणसं कशी बोलली ते कागदात येत नाही. लांबलचक टेबल, पलीकडे पाच जण. अध्यक्षबाई माझ्याच वयाच्या, भूल देणाऱ्या डॉक्टर. सचिवांनी पेन पुढे केलं. मी म्हटलं, “दहा मिनिटं खोटं आहे. ऊन पासष्ट मिनिटं होतं. दहा त्याची, पंचावन्न माझी. आणि कापड मी काढलं, त्याने नाही. त्याने फक्त सांगितलं.”

मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि अगदी मायेने म्हणाल्या, “बाई, भावाला वाचवायला बहिणी काय काय करतात ते आम्ही समजू शकतो.”

भावाला वाचवायला! नऊ वर्षांत माझा इतका अपमान कुणी केला नव्हता. मी म्हटलं, “अहो, मी त्याला बुडवायला आले होते. दीड महिना तेच करतेय. पत्रांच्या प्रती दाखवू?” एक जण हसला आणि मग खोकल्याचं नाटक करू लागला. कुणाचा विश्वास बसेना. खरं बोलायला गेले आणि तुझ्यावर माझी माया आहे असा आळ आला.

मग सगळं सांगावं लागलं. तुलाही सांगते.

तू आणि फोटोवाला गेलात तेव्हा मी कापड लावायला उठले होते. भिंगरीने माझा हात धरला. “सिस्टर, राहू दे ना. मला वाटलं माझे डोळे गेले.” खाली रस्त्यापलीकडे एक माणूस शिडीवर चढून फाटकाला निळा रंग लावत होता. ती त्याच्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघू दे दोन मिनिटं, आणि खुर्ची ओढून बसले.

पण तिच्या हट्टापायी मी बसले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मी नव्या पोरींना शिकवत असे, मूल रडलं तरी कापड हलवायचं नाही. त्या दिवशी मी हवेत होते. हॉस्पिटलात तू मला कायम सिस्टर म्हणायचास, लोकांना नातं कळू नये म्हणून. त्या दुपारी पहिल्यांदा परक्या माणसासमोर ताई म्हणालास. फोटोवाल्याने ‘डॉक्टरांची बहीण’ म्हणून माझाही एक फोटो काढला. मी तिथे उन्हात खुर्ची टाकून बसले आणि स्वतःवर खूश होत राहिले. फाटकाची अख्खी एक झडप रंगवून झाली. भानावर आले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. कापड लावलं. मग वही उघडली आणि साडेबाराचा आणि एकचा आकडा एकाच वेळी लिहून टाकला. चार, चार. यंत्र हातातसुद्धा घेतलं नव्हतं.

माझ्याकडे साक्षीदार होता. भिंगरीच, ती बाहेर बाकावर बसली होती. त्या दिवशी भिंगरीच्या घरी काय झालं ते मी तुला लिहिलं नाही. तिने मला ओळखलं आणि आईसमोर आनंदाने सांगितलं, “आई, ह्यांनी मला खिडकी उघडून दिली होती! तो काका फाटक रंगवत होता ना, अर्धं पूर्ण होईपर्यंत मी बघत होते. ह्या मला म्हणाल्या, आता दुसरी बाजू उद्या.” आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही दोघांनीही.” एवढंच. मी चपला घातल्या आणि उतरले. म्हणून सही नव्हती.

एकोणीस तारखेला मी तिला फोन केला आणि विचारलं, उद्या याल का. ती पोरीला घेऊन आली. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, पण आली. भिंगरीने समितीसमोर फाटकाचं सगळं सांगितलं, शिडीवाल्याने मध्येच उतरून डबा ढवळला तेसुद्धा. त्यांनी जुनी वही मागवलीच होती. चार आणि चार एकाच शाईत, एकाच तिरप्या अक्षरात आहेत. तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला की मी चांगली बहीण नाही.

निकाल असा. अकरा नंबर तक्त्यात येईल, पासष्ट मिनिटांसकट. काळोख अठ्ठेचाळीस तासच राहील. खिडकीला कापड चालणार नाही, फळी ठोकायची, कारण मी त्यांना सांगितलं की सगळं माहीत असलेली बाईसुद्धा कापड काढते. चाचणी चालू राहील, तुझ्यावर एक देखरेख करणारा बसवून. माझी नोंदणी रद्द होणार. शाळेला मी स्वतःच कळवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “पण पट्ट्या तर तुम्ही चांगल्या लावता.”

आता तुझं माझं.

तू माझं नाव लिहिलंस तेव्हा तुला माझी पंचावन्न मिनिटं माहीत नव्हती. तुला एवढंच माहीत होतं की कापड तू काढायला लावलंस, आणि तरी तू माझं नाव लिहिलंस. ते पुढे योगायोगाने खरं निघालं म्हणून तुझं खोटं खरं होत नाही. ते मी माफ केलेलं नाही.

पण मी भांडले का नाही, तू कधी विचारलंस? नऊ वर्षं सगळ्यांना वाटलं, सोशिक बाई, भावासाठी गप्प राहिली. मी गप्प होते कारण चौकशी झाली असती तर वही उघडली गेली असती.

आणि आणखी एक. तुला वाटत होतं तुझ्या दहा मिनिटांनी ती पोरगी भाजली. तुला तसं वाटतंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात आपण समोरासमोर आलो, मला बघून तू मोबाइल कानाला लावलास. फोन बंद होता. तुझा हात कापत होता. ऑपरेशन करणाऱ्या माणसाचा हात तसा कापलेला मी आयुष्यात बघितला नाही. माझ्या एका वाक्याचं काम होतं. मी ते बोलले नाही. घरी आले आणि गाढ झोपले. पुढेही जेव्हा जेव्हा कुणी सांगितलं की डॉक्टर खंगलेत, रात्री वॉर्डात येऊन झोपलेल्या मुलांचे गाल बघत फिरतात, तेव्हा तेव्हा मला बरं वाटलं. फेब्रुवारीत तुला पत्र लिहिताना मी म्हणत होते, आता उट्टं काढते. ते तर मी नऊ वर्षं रोज काढत होते.

माफी मागणार नाही, तूही मागू नकोस. दोघांनी मागितली तरी त्या गालाचं काही होत नाही.

निघताना मी अध्यक्षबाईंना मुद्दाम विचारलं, नुसती दहाच मिनिटं असती तर? त्या म्हणाल्या, फार तर गाल लालसर झाला असता आणि दोन दिवसांत उतरला असता. मी त्यांना ते कागदावर लिहून द्यायला लावलं. कागद सोबत जोडला आहे.

तुझ्या हातून नाही झालं, छोट्या. झोप आता.

ताई